गंजून धरलेला नट घरी कसा सोडवायचा? कोकणातल्या गाडीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

सायलेन्सर बदलायचा असो, शॉकअप काढायचा असो की नुसती स्टेपनी चढवायची असो, काम अर्ध्या तासाचं असतं आणि एक नट अख्खा दिवस खातो. खाऱ्या हवेत गाडी वापरणारे लोक जे प्रश्न नेहमी विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. सगळ्या उत्तरांमागे एकच विचार आहे. नट दहा-वीस रुपयांचा असतो. तो ज्यावर बसलाय तो स्टड (बिनडोक्याचा, एका टोकाने आत रुतलेला बोल्ट), हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) किंवा इंजिनाचा भाग कितीतरी महाग असतो. म्हणून पाना हातात घेण्याआधीच ठरवा, वेळ आली तर काय तुटलेलं चालेल आणि काय अजिबात तुटता कामा नये.

भावाच्या पुण्यातल्या गाडीचे नट सहज सुटतात. तेवढीच जुनी आमची वेंगुर्ल्याची गाडी मात्र दाद देत नाही. असं का?

मिठामुळे. लोखंड गंजायला पाणी आणि हवा पुरेशी असते, पण खारं पाणी वीज जास्त चांगली वाहून नेतं. त्यामुळे गंजण्याची क्रिया भराभर होते आणि नटावरचा जस्ताचा मुलामाही लवकर जातो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ आपोआप विरघळायला लागतं. पावसाळ्यात आपल्या स्वयंपाकघरातली मिठाची बरणी ओलसर होते, ती यामुळेच. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी धरायला लागतं. म्हणजे आट्यांमध्ये शिरलेलं खारं किनाऱ्यावर वर्षभरात क्वचितच पुरतं सुकतं, एप्रिलच्या उन्हातसुद्धा.

नट धरतो त्याचं कारण गंजाचा आकार. ज्या लोखंडाचा गंज होतो, त्याच्या दुपटीहून जास्त जागा तो गंज व्यापतो. नट आणि बोल्टच्या आट्यांमध्ये मुळात नावालाच फट असते, ती ठासून भरते. त्यात आपली जांभ्याची लाल माती मडगार्डच्या आत आणि सस्पेन्शनवर थापली जाते आणि दिवसचे दिवस ओल धरून ठेवते. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, दिघी-आगरदांडा अशा फेरीबोटींवर नेहमी जाणाऱ्या गाड्यांच्या पोटाला रॅम्पवरचं खाडीचं पाणीही लागतं. सावंतवाडी-कणकवलीकडे पाऊस भरपूर पडतो, पण खारं वारं तिथवर येईतो बरंच ओसरलेलं असतं. हा फरक गाडीच्या खाली वाकून पाहिलं की लगेच कळतो.

कुठले नट जास्त त्रास देतात?

पहिला मान सायलेन्सरच्या जोडाच्या नटांचा. तापणं, निवणं आणि भिजणं हे तिथे रोज चालू असतं. मग शॉकअपचा खालचा बोल्ट. इथे एक खाच आहे. नट सुटतो, पण बोल्ट रबरी बुशच्या आतल्या लोखंडी नळीला धरलेला असतो, त्यामुळे नट निघूनही बोल्ट हलत नाही. त्यानंतर ब्रेकची हवा काढायचं निपल, टाय रॉडचा (चाकं वळवणाऱ्या दांड्याचा) चेक नट आणि इंजिनखालच्या पत्र्याचे छोटे बोल्ट. चाकाचे नट तुलनेने सोपे, कारण ते वर्षातून एखाद-दोनदा तरी निघतात. बॅटरीच्या टर्मिनलचा नट पांढऱ्या-हिरव्या खापरीने धरतो. तिथे खायचा सोडा घातलेलं कोमट पाणी ओतलं की काम होतं. फक्त आधी निगेटिव्ह वायर काढा, आणि पकडीने टर्मिनल वाकवू नका, शिसं नरम असतं.

काम सुरू करण्याआधी काय काळजी घ्यायची?

धरलेल्या नटाला जोर लावायचा म्हणजे गाडी हलणार, हे धरूनच चालायचं. गाडी सपाट, टणक जागेवर घ्या. शेणाने सारवलेल्या खळ्यात किंवा पावसाने मऊ झालेल्या अंगणात जॅक तिरका होतो. गाडी गिअरमध्ये टाका, हँडब्रेक ओढा आणि जे चाक उचलायचं नाही त्याच्या दोन्ही बाजूंना ठोकळे लावा.

आता सगळ्यात कळकळीने सांगायची गोष्ट. गाडीखाली चिरा (जांभ्याचा कापीव दगड) लावून आत शिरू नका. आपल्याकडे कुठल्याही घरामागे चार-सहा चिरे पडलेले असतातच आणि हात आपोआप त्यांच्याकडे वळतो. चिरा भिंतीत चारी बाजूंनी धरलेला असतो तेव्हा भार घेतो. एकट्या चिऱ्यावर जॅकच्या जागेचा टोकदार भार आला की तो फुटतो, आणि फुटण्याआधी तडा दिसेलच असं नाही. भिजलेला चिरा तर आणखी कमजोर. सिमेंटच्या पोकळ ब्लॉकचंही तेच. जॅकही गाडी उचलण्यासाठी असतो, तोलून धरण्यासाठी नव्हे. दोन जॅक स्टँड विकत घ्या, ते जन्मभर पुरतात. ते नसतील तर खाली जायचं कामच हाती घेऊ नका.

डोळ्यांना गॉगल हवाच. गाडीच्या पोटाखाली तोंड वर करून तारेचा ब्रश मारला की गंज थेट डोळ्यात पडतो.

कुठलं तेल मारावं? घरात रॉकेल आहे, खोबरेल आहे. काही लोक आमसुलाचं पाणीही सांगतात.

आट्यांच्या फटीत शिरायचं तर तेल पातळ हवं. खोबरेल त्या कामाचं नाही. ते जाडसर असतं, सुमारे २४ अंशांखाली गोठतं आणि जुनं झालं की चिकट थर धरतं. इंजिन ऑइल आणि ग्रीसही जाडच. ते नट परत बसवताना उपयोगी, सोडवताना नाही.

रॉकेल आणि डिझेल ही जुनी औषधं आहेत आणि ती चालतात, फक्त वेळ घेतात. बाजारात गंज सोडवायचे म्हणून मिळणारे स्प्रे जास्त चांगले शिरतात. डब्ल्यूडी-४० बहुतेक घरांत असतं. ते १९५३ मध्ये मुळात ओलावा हटवण्यासाठी तयार झालं. हलक्या गंजाला ते पुरतं, पण वर्षानुवर्षं धरलेल्या सायलेन्सरच्या नटाला त्याच कंपनीचा किंवा दुसरा खास गंजासाठीचा स्प्रे घ्या. घरी करायचं तर अ‍ॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल निम्मं-निम्मं. हे मिश्रण खूप लोक वापरतात आणि ते चांगलं शिरतं. मात्र दोन्ही द्रव वेगळे होतात, म्हणून प्रत्येक वेळी हलवूनच घ्यायचं. अ‍ॅसिटोन भसकन पेट घेतं आणि रंग खातं, म्हणून ते उघड्यावरच वापरा, आणि जवळपास चूल, विडी काही नको.

आमसूल, चिंच, व्हिनेगर यांच्यातलं आम्ल गंज विरघळवतं हे खरं. पण त्यासाठी वस्तू सुटी काढून तासन् तास बुडवून ठेवावी लागते. गाडीवर बसलेल्या नटावर चार थेंब टाकून काही होत नाही. आणि आगळ (कोकमाचा खारवलेला रस) तर मुळीच नको, त्यात मीठ असतं.

तेल मारण्याआधी तारेच्या ब्रशने नटाच्या बाहेर आलेले आटे घासून स्वच्छ करा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. आट्यांवर मातीची खापरी असेल तर तेल तिच्यातच जिरतं. शिवाय नट सुटल्यावर त्याला त्याच गंजक्या आट्यांवरून बाहेर यायचं असतं.

तेल मारून किती वेळ थांबायचं?

किमान रात्रभर. संध्याकाळी मारा, झोपण्याआधी पुन्हा मारा, सकाळी परत एकदा. प्रत्येक वेळी हातोडीने नटावर हलके टोले द्या, म्हणजे तेल आत सरकतं. नट उभा असेल तर तेल वरच्या बाजूने घाला. आडवा असेल तर तेलात भिजवलेली चिंधी गुंडाळून ठेवा.

मालवणातल्या बोटींच्या इंजिनांवर काम करणारे मेस्त्री म्हणतात, ‘घाय करू नको, तेका तेल पिऊक दी.’ त्यांचे नट आपल्या गाडीच्या नटांपेक्षा जास्त खारं पाणी प्यालेले असतात, त्यामुळे त्यांचं ऐकावं. मुंबईहून गणपतीला आलेल्या माणसाकडे दोनच दिवस असतात आणि त्याला नट आजच हवा असतो. अशा वेळी आल्याच्या संध्याकाळी तेल मारून ठेवा, आरतीला जा, काम दुसऱ्या दिवशी काढा.

पाना कुठला वापरावा?

सहा कोनी गोटी (सॉकेट), बोल्टच्या मापाला नेमकी बसणारी. बारा कोनी गोटी आणि रिंग पाना नटाचे फक्त कोपरे धरतात. गंजलेल्या नटाचे कोपरे आधीच झिजलेले असतात, त्यामुळे तो तिथेच गोल होतो. फिक्स पाना नटाच्या दोनच बाजू धरतो, तो सैल झालेला नट काढायला ठीक. अ‍ॅडजस्टेबल पाना या कामात हाती धरूच नका.

गंजलेल्या नटाचं माप कमी होतं. १४ ची गोटी ढिली वाटली तर नट आधी कानसीने किंवा ब्रशने साफ करा आणि १३ ची हलक्या हाताने ठोकून बसते का पाहा. ठोकून बसलेली गोटी सगळ्यात घट्ट धरते.

टॉमीला (गोटी फिरवायच्या दांड्याला) पाइप लावून जोर लावला तर?

आधी नटाचं माप बघा. मोटारीत १० नंबरचा पाना लागतो तो बोल्ट बहुधा ६ मिलिमीटरचा असतो, १२ किंवा १३ नंबरचा असेल तर ८ मिलिमीटरचा. साधारण ८.८ प्रतीचा ६ मिलिमीटरचा बोल्ट सुमारे १० न्यूटन मीटरला आवळतात, ८ मिलिमीटरचा २५ ला. आता ७० किलोचा माणूस अर्ध्या मीटरच्या टॉमीच्या टोकावर पूर्ण भार टाकतो, तेव्हा तो सुमारे ३४० न्यूटन मीटर लावत असतो. हिशेब स्पष्ट आहे. चाकाचा नट बहुतेक वेळा एवढं सोसतो, १० नंबरचा बोल्ट सुताच्या धाग्यासारखा तुटतो. पाइप लावायचा तो फक्त जाड बोल्टांना, म्हणजे चाकाचे नट, शॉकअपचा खालचा बोल्ट, सस्पेन्शनचे मोठे बोल्ट.

खरं कौशल्य हाताला काय लागतं ते ओळखण्यात आहे. नट सुटतो तेव्हा कट् असा कोरडा, तीक्ष्ण आवाज येतो, पाना एकदम बोटभर सरकतो आणि आट्यांच्या तोंडाशी तपकिरी भुकटी दिसते. बोल्ट तुटायला लागतो तेव्हा आवाज येत नाही. पाना मऊ, लवचीक वाटतो, फिरतोय असं वाटतं पण जोर कमीही होत नाही आणि वाढतही नाही. हे जाणवलं की त्या क्षणी थांबायचं. ती बोल्टची पिळवटण असते. आणखी पाव फेरा दिलात की डोकं हातात येईल. अशा वेळी उलट थोडा आवळा आणि तापवण्याकडे वळा.

आधी किंचित आवळण्याचा जोर द्यायचा, मग सोडण्याचा. यात हयगय नको. दोन्हीकडे थोडं थोडं हललं की गंजाचा थर तुटतो. एकदा हलला म्हणून सलग फिरवत बसू नका. अर्धा फेरा सोडा, पाव फेरा आवळा, तेल घाला, पुन्हा सोडा. आट्यांमध्ये सुटलेली गंजाची भुकटी वाटेत अडकते आणि सुटलेला नट मध्येच पुन्हा धरतो. असे मधेच धरलेले नट मुळात धरलेल्या नटांपेक्षा वाईट.

हातोडीने ठोकून फायदा होतो का?

होतो, पण योग्य जागी. बोल्टच्या डोक्यावर सरळ, त्याच्या लांबीच्या दिशेने टोले दिले की गंजाला तडे जातात. नटाच्या सपाट बाजूवर ठोकताना समोरच्या बाजूला दुसरी जड हातोडी टेकवून धरा, म्हणजे सगळा दणका नटातच जिरतो आणि बोल्ट वाकत नाही. बोल्टच्या आट्यांच्या टोकावर नंगी हातोडी कधीच मारू नका, टोक पसरतं आणि मग नट निघत नाही. तिथे जुना नट टोकाशी लेव्हल लावून त्यावर मारा. चाकाच्या हबवर किंवा बेअरिंगवर दणके देऊ नका.

नट तापवावा का? घरात छोटी गॅस टॉर्च आहे.

तेल आणि पाना हरले की उष्णता हा सगळ्यात खात्रीचा उपाय. मात्र इथेच सगळ्यात जास्त अपघात होतात, म्हणून हे उत्तर लांब आहे.

तापवायचा तो नट, बोल्ट नाही. पोलाद तापलं की फुगतं. १२ मिलिमीटरच्या बोल्टवरचा नट ३०० अंशांनी तापला तर त्याचं भोक सुमारे ०.०४ मिलिमीटरने मोठं होतं. ही फट डोळ्याला दिसत नाही, पण गंज मोडायला तेवढी पुरते. ज्योत नटाभोवती फिरवत ठेवा. लाल करायची गरज नसते. तापलेला असतानाच पाना लावा, सुटला नाही तर निवू द्या आणि पुन्हा तापवा. दोन-तीन वेळा तापणं-निवणं झालं की बरेच हट्टी नट ऐकतात. आणखी एक जुनी युक्ती म्हणजे मेणबत्ती. नट तापलेला असताना आट्यांच्या तोंडाशी मेणबत्ती टेकवा. मेण वितळून आत ओढलं जातं आणि वंगणाचं काम करतं.

अ‍ॅल्युमिनियममध्ये रुतलेला पोलादी बोल्ट असेल तर भोवतालचं अ‍ॅल्युमिनियम तापवा. ते पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. पण ते लाल न होताच वितळतं, म्हणून ज्योत एका जागी धरू नका.

आता कुठे तापवायचं नाही ते. पेट्रोलची टाकी, पेट्रोलचे पाइप, सीएनजीची नळी किंवा सिलिंडर यांच्याजवळ घरी ज्योत न्यायचीच नाही, कितीही आटोपशीर वाटली तरी. ब्रेकच्या रबरी होसजवळ नाही. रबरी बुश असेल तिथे नाही, कारण शॉकअपचा बुश पेटला तर विझवणं कठीण, आणि बंद शॉकअप तापवला तर फुटू शकतो. आधी मारलेलं तेल पूर्ण पुसून घ्या, अ‍ॅसिटोनचं मिश्रण वापरलं असेल तर त्या दिवशी टॉर्च नकोच. ब्रेक क्लीनरने धुतलेल्या भागावर ज्योत धरू नका. काही क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रव असतो आणि तो तापला की फॉसजीन हा विषारी वायू तयार होतो. जस्ताचा मुलामा असलेला नट तापवताना निघणारा पांढरा धूर नाकात जाऊ देऊ नका. शेजारी पाण्याची बादली आणि वाळू ठेवा, आणि एका माणसाला उभं करा.

सस्पेन्शन किंवा ब्रेकचा बोल्ट खूप तापला असेल तर तो परत वापरू नका. त्याची ताकद उष्णतेच्या प्रक्रियेने आणलेली असते, ती जाते.

पाना घसरून नट गोल झाला. आता?

थांबा. गोल झालेल्या नटावर तोच पाना पुन्हा लावला की उरलेसुरले कोपरेही जातात. एक माप लहान गोटी ठोकून बसवा. नाही बसली तर कानसीने नटाच्या दोन समोरासमोरच्या बाजू घासून सपाट करा आणि ग्रिप प्लायर करकचून लावा. आतून उलटे पीळ असलेल्या खास गोट्या मिळतात, त्या गोल नटात रुततात आणि चांगलं काम करतात. वेंगुर्ल्यापासून मुरुडपर्यंत कुठेही खाऱ्या हवेत स्वतः गाडी उघडणाऱ्याने त्यांचा एक सेट घेऊन ठेवावा.

जागा मोकळी असेल तर जवळच्या वेल्डिंगवाल्याकडून गोल नटावर दुसरा मोठा नट वेल्ड करून घ्या. नवे कोपरे मिळतात आणि वेल्डिंगच्या उष्णतेने नट निम्मा सुटलेलाच असतो. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला सांगा.

नट कापून काढला तर चालेल का?

चालेल, आणि माझ्या मते लोक हा निर्णय फार उशिरा घेतात. बोल्ट किंवा स्टड वाचवायचा असेल तर नटाचा बळी द्यावा. सायलेन्सरच्या नटावर दोन दिवस घालवण्यापेक्षा दहा मिनिटांत कापणं शहाणपणाचं.

नटाच्या एका सपाट बाजूवर, बोल्टच्या लांबीच्या दिशेने, हॅकसॉने किंवा ग्राइंडरने चीर पाडा. चीर आट्यांच्या जरा अलीकडे थांबवा. मग चिरेत छिन्नी ठेवून एक नेमका टोला द्या किंवा ती पिळा, नट उकलतो. नट स्प्लिटर हे हत्यार हेच काम ठिणगीशिवाय करतं, म्हणून टाकीजवळच्या नटाला तेच बरं. ग्राइंडरच्या ठिणग्या काचेवर आणि रंगावर बसतात आणि दुसऱ्या पावसात तिथे गंजाचे ठिपके येतात. ओल्या गोणपाटाने आजूबाजूचा भाग झाका.

बोल्ट आतच तुटला. ईझी आउटने (तुटलेल्या बोल्टात रुतवून तो उलटा फिरवायच्या हत्याराने) काढू का?

थोडा बाहेर राहिला असेल तर ग्रिप प्लायर लावा. किंवा तुकड्यावर नट ठेवून आतून वेल्ड भरून घ्या. पूर्ण आत तुटला असेल तर नेमक्या मध्यावर पंच मारून, ड्रिल करून ईझी आउट लावतात. पण ईझी आउट फार कडक पोलादाचं असतं. ते आत मोडलं की साधं ड्रिल त्याला टोचतसुद्धा नाही आणि काम कितीतरी पट महाग होतं. सिलिंडर हेडमध्ये किंवा गिअरबॉक्सच्या घरात तुटलेला बोल्ट घरी काढू नका. लेथवाल्याकडे न्या. तो गरज पडली तर भोक मोठं करून नवे आटे बसवून देतो.

पंक्चर झाली, स्टेपनी लावायची आहे आणि चाकाचा नट सुटत नाही. रस्त्यावर काय करायचं?

गाडी उचलण्याआधीच, चाक जमिनीवर टेकलेलं असताना नट सोडवा. चाकाकडे तोंड करून पान्याचा दांडा डावीकडे आडवा येईल असा लावा, म्हणजे खाली दाबलं की नट सुटण्याच्या दिशेने फिरतो. पाना पूर्ण आत बसलाय ना ते पाहा, गाडीचा आधार धरा आणि पायाने हळूहळू भार टाका. उड्या मारू नका, पाना निसटला तर नडगी फुटते.

टायरच्या दुकानात हवेच्या गनने नट मनमानी आवळतात. लहान मोटारींच्या चाकाचे नट साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटरला आवळायचे असतात, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. चाक बसवून घरी आल्यावर एकदा सगळे नट सोडून हाताच्या पान्याने पुन्हा आवळा. नंतर आंबा घाटात भर पावसात त्यांच्याशी झटावं लागत नाही. मारुतीच्या बहुतेक गाड्यांना १९ ची गोटी लागते, ह्युंदाईला २१ ची. तेवढी एक गोटी आणि अर्ध्या मीटरची टॉमी डिकीत ठेवा. गाडीबरोबर येणारा आखूड पाना या कामाला तोकडा पडतो.

नट सगळे निघाले, पण चाकच हबला चिकटलंय.

अलॉय चाकांना हे जास्त होतं. सगळे नट परत लावून दोन-दोन फेरे ढिले ठेवा, गाडी खाली उतरवा आणि फूटभर पुढे-मागे अगदी हळू घेऊन ब्रेक लावा. चाक सुटल्याचं जाणवतं. चाक बसवताना हबचा चेहरा ब्रशने साफ करून तांब्याच्या ग्रीसचा अगदी पातळ हात द्या.

ब्रेकचं निपल हलत नाही.

रात्रभर तेल, सहा कोनी गोटी, छोटा दांडा, हलके टोले. एवढ्याने नाही सुटलं तर सोडून द्या आणि गॅरेजला न्या. ते आत तुटलं तर कॅलिपरच बदलावा लागतो. ब्रेकच्या पाइपच्या नटाचंही तसंच, त्याला फ्लेअर पाना (पाइपवरून सरकवून नट जवळजवळ चहूबाजूंनी धरणारा) लागतो.

नट उलट्या आट्यांचा असू शकतो का?

चाकांचे नट आजच्या मोटारींत सरळच असतात. जुन्या अवजड गाड्यांच्या डाव्या चाकांना उलटे आटे येत. काही गाड्यांच्या टाय रॉडच्या एका बाजूला उलटे असतात. शंका असेल तर बाहेर दिसणाऱ्या आट्यांचा उतार शेजारच्या नटाशी ताडून पाहा.

परत लावताना ग्रीस लावावं का? स्टेनलेसचे नट घातले तर कटकट मिटेल ना?

सायलेन्सर, मडगार्ड, इंजिनखालचा पत्रा, शॉकअपच्या बोल्टचा नळीतला भाग, इथे तांब्याचं अँटीसीझ (आटे धरू नयेत म्हणून लावायचं वंगण) जरूर लावा. सायलेन्सरला पितळी किंवा तांब्याचा मुलामा दिलेले नट घाला, ते सहसा धरत नाहीत. चाकाच्या नटांच्या आट्यांना मात्र बहुतेक कंपन्या वंगण लावू देत नाहीत. घर्षण कमी झालं की त्याच जोराला स्टड जास्त ताणला जातो. नटाच्या उतरत्या तोंडाला तर तेलाचा थेंबही नको.

स्टेनलेसबद्दल गैरसमज फार आहे. बाजारातला नेहमीचा ए२-७० स्टेनलेस बोल्ट ८.८ च्या साध्या बोल्टपेक्षा कमी ताकदीचा. स्टेनलेसवर स्टेनलेस आवळताना कोरडे आटे एकमेकांत रुतून बसतात, गंज नसतानाही. आणि अ‍ॅल्युमिनियममध्ये स्टेनलेस बोल्ट घातला की खाऱ्या हवेत अ‍ॅल्युमिनियमच खाल्लं जातं. नंबरप्लेट आणि मडफ्लॅपला घाला. सस्पेन्शन, ब्रेक, स्टेअरिंगला नको.

नायलॉनची रिंग असलेला नट एकदा काढला की नवाच लावा. स्प्लिट पिनही नवी.

नट धरूच नयेत म्हणून काय करता येईल?

मृगाआधी आणि पाऊस ओसरल्यावर दसऱ्याच्या सुमारास गाडीचं पोट गोड्या पाण्याने धुवा. फेरीबोटीतून किंवा पुळणीवरून आल्यावर त्याच संध्याकाळी धुवा. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर त्याने धुऊन काही साधत नाही, उलट मीठच बसतं. टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी सगळ्यात उत्तम. मग गाडी सुकवून, दिसतील त्या आट्यांवर मेणासारखा थर धरणारा गंजरोधक स्प्रे मारा. चाकाचे नट वर्षातून दोनदा एक-एक करून सोडा आणि आवळा.

जळकं ऑइल खाली फासण्याची पद्धत सोडून द्यावी असं मला मनापासून वाटतं. त्याने रबरी बुश फुगतात, ते ठिबकून अंगणात आणि शेवटी विहिरीत उतरतं. आपल्या जांभ्यातून पाणी झिरपायला वेळ लागत नाही.

गावची गाडी शिमग्यापासून गणपतीपर्यंत उभीच राहत असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, ब्रेकच्या ड्रमला शू चिकटतात. गिअरमध्ये टाका आणि चाकांना ठोकळे लावा.

गंजाचा स्प्रे मारताना ब्रेकच्या डिस्कवर उडाला. पुसला तर पुरे का?

डिस्क लोखंडाची असते, ती ब्रेक क्लीनर आणि स्वच्छ कापडाने दोन-तीनदा पुसली की साफ होते. पॅड किंवा शू यांनी मात्र तेल शोषलं असेल तर ते साफ होत नाहीत. जाळून तेल काढायचा प्रकार करू नका. त्या अ‍ॅक्सलच्या दोन्ही चाकांचे पॅड बदला, एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक मारताच गाडी ओढते. काम झाल्यावर रस्त्यावर जाण्याआधी अंगणातच सावकाश चालवून चार-पाच वेळा ब्रेक दाबून पाहा. पुढच्या वेळी स्प्रे मारण्याआधी डिस्कवर जुनं फडकं किंवा प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळा, आणि काम झाल्यावर ती काढायला विसरू नका.